बदलीमुळे सांगलीत आलो. तिसरीतला मुलगा नव्या शाळेत रमत नाही. काय करावं?

नाशिकहून येऊन महिना झाला, मुलगा रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो, डबा निम्मा परत येतो, जुन्या शाळेचा दाखला अजून आलेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी सांगलीतच प्राथमिकला शिकवते. बँक, वीज, पोलीस, पाटबंधारे अशा बदल्यांची मुलं आमच्याकडे दरवर्षी येतात, काही तर दिवाळीच्या सुट्टीनंतर, अर्ध्या वर्षात. तेव्हा वर्गात उभं राहून जे दिसतं तेच सांगते.

पोटदुखीला नाटक समजू नका. दप्तर उघडाल तेव्हा डब्याच्या आधी पाण्याची बाटली बघा. ती भरलेलीच परत येत असेल तर बहुतेक वेळा भानगड मुतारीची असते. कुठे आहे ते नीट माहीत नसतं, किंवा तिथे मोठ्या मुलांची दंगल असते, किंवा भर वर्गात उठून विचारायची लाज वाटते. मग पोर दिवसभर पाणीच पीत नाही, आणि हे घरी सांगतही नाही. एक दिवस शाळा सुटल्यावर बाईंना विचारून त्याच्याबरोबर आत जा. मुतारी, नळ, ऑफिस सगळं त्यालाच तुम्हाला दाखवायला सांगा.

दुसरी अडचण परिपाठाची. प्रत्येक शाळेची प्रार्थना वेगळी, चाल वेगळी. सगळा वर्ग डोळे मिटून घडाघडा म्हणत असतो आणि नवं पोर नुसते ओठ हलवत उभं असतं. समोरून आम्हाला ते लगेच कळतं. रोज दिवसाची सुरुवातच परकेपणाने होते. प्रार्थना बाईंकडून लिहून घ्या आणि घरी म्हणून घ्या. शिकवणी लावायचा विचार असेल तर त्याच्या आधी हे. मागच्या वह्या उतरवून काढायची घाई तर अजिबात नको. कोणत्या खरंच लागतात ते बाई सांगतील.

डब्यात पदार्थ बदलून उपयोग नाही. मोठ्या सुट्टीत मुलं आपापले गोल करून बसतात. कुठल्या गोलात घुसायचं ते न कळून तुमचा मुलगा भिंतीशी दोन घास खात असणार. वेगळ्या छोट्या डब्यात वाटण्यापुरतं भडंग द्या. सांगलीत भडंगाला नाही म्हणणारं पोर मला अजून भेटायचंय. (काही शाळांत पोळीभाजीचाच नियम असतो, तेवढं आधी विचारून घ्या.)

आता मित्रांचं. माझं ठाम मत आहे की मैत्री वर्गात जमत नाही, येण्याजाण्यात जमते. वर्गात आम्हीच सारखं ‘गप्प बसा’ म्हणत असतो! तुम्ही गाडीवरून सोडता-आणता, ते शक्य असेल तर बंद करा आणि रिक्षाकाकांकडे लावा. कडेला कोण बसणार, दप्तर कोणाच्या मांडीवर, यावरून रोज भांडणं होतील. होऊ द्यात, ओळखी त्यातूनच होतात. रिक्षा नको असेल तर वर्गातलं कोण तुमच्या गल्लीत राहतं ते विचारा आणि संध्याकाळी त्या एकालाच खेळायला बोलवा. दहा-बारा जण बोलावलेत तर ते आपापसांत खेळतील आणि हा आपल्याच घरात कोपऱ्यात.

राज्य मंडळाची शाळा असेल तर पुस्तकही तपासा. बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं निघालेलं आहे. त्याच्याकडे नाशिकचं असेल तर वर्गात नकाशा काढा म्हटलं की हा गोंधळणारच. सांगली जिल्ह्याचं घ्या आणि रविवारी ते घेऊन हरिपूरला जा. कृष्णा-वारणेचा संगम पुस्तकात आधी शोधायचा, मग घाटावर उभं राहून बघायचा. येताना आयर्विन पुलावर थोडं चाला. नद्यांचा धडा निघाला की हात वर करायला त्याच्याकडे काहीतरी असेल. आणि गोदावरीचं तर त्याच्याइतकं आमच्या वर्गात कोणालाच माहीत नसतं. बाईंच्या कानावर घाला, त्या त्याला बोलायला लावतील.

दाखल्यासाठी दबकून राहू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ प्रमाणे जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत तो उशिरा आला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही. मुलासाठी यात महत्त्वाचं हजेरीपटावरचं नाव. ते चढेपर्यंत कित्येकदा त्याला शेवटी, वेगळ्या चिठ्ठीवरून पुकारतात आणि सगळा वर्ग मागे वळून बघतो. तेवढं नाव लवकर चढवा, असं शाळेत सांगून ठेवा.

साधारण दिवाळीपर्यंत वाट बघायला हरकत नाही. मात्र झोपेत अंथरूण ओलं व्हायला लागलं, वस्तू हरवायला लागल्या किंवा अंगावर वळ दिसला तर थांबू नका. त्याच दिवशी बाईंना भेटा, आणि बोलणं चालू असताना त्याला बाहेर बसवा.