कच्चं कॉर्नफ्लोअर म्हणजे थंड पाण्यातलं: चिकोडीच्या ताईंना

ताई, मुलाबद्दल तुम्ही इथं लिहिलेलं वाचलं आणि लेथ बंद करून बसलो. अडीच वर्षांचा मुलगा, पोट घागरीसारखं, हातपाय काड्या, गाल मात्र गुबगुबीत. पहाटे उठवलं तर घामाघूम, गळालेला. मागच्या आठवड्यात एक झटका. लिव्हरला सूज म्हणून एक बाटली, फिटची म्हणून दुसरी. नऊ वर्षांपूर्वी आमच्या पोरीचं हुबेहूब हेच होतं.

मी डॉक्टर नाही, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर आहे. तुमच्या मुलाला तोच आजार आहे असंही म्हणत नाही. लिव्हर वाढवणारे आजार बरेच. पण झटका आला तेव्हा बोटाला टोचून साखर बघितली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक बघितलीच नसेल. आमची पण बघितली नव्हती. कावीळ समजून तीन महिने उसाचा रस पाजला आम्ही, ऊस काय घरचाच. नंतर कळलं, या आजारात तोच रस लिव्हरवर आणखी बोजा टाकतो.

आमच्या आजाराचं नाव ग्लायकोजन स्टोरेज डिसीज, प्रकार १ए. साधारण लाखात एक. जेवणातली जादा साखर लिव्हर साठवून ठेवतं आणि उपाशी वेळेला सोडतं. इथं सोडणारं एन्झाइमच नसतं. म्हणजे पेव धान्यानं भरलेलं, पण तोंड उघडत नाही. लिव्हर फुगत जातं आणि पोरगं दोन-तीन तासांत उपाशी पडतं. डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच: साखर, लॅक्टेट, युरिक अ‍ॅसिड आणि ट्रायग्लिसराइड बघूया का? आमच्यात साखर खाली आणि बाकी तिन्ही वर होते. मग रक्ताची जनुक तपासणी झाली, लिव्हरला सुई घालायची वेळ आली नाही. आणि तपासणीसाठी म्हणून घरी उपाशी ठेवू नका हं. ते फक्त दवाखान्यात, सलाईन लावायची सोय असेल तिथंच.

उपाय ऐकून हसाल. कच्चं कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचं सत्त्व. वजनाप्रमाणे मोजून, ठरल्या वेळेला, रात्रीसुद्धा. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं. त्याआधी रात्रभर नाकातल्या नळीतून ग्लुकोज सोडावं लागायचं. अगदी तान्ह्या बाळाला हे पचत नाही, म्हणून कधी सुरू करायचं ते डॉक्टरच ठरवतात. मनानं सुरू करू नका. दुसऱ्या प्रकारांत पथ्य वेगळं असतं.

आता माझी चूक सांगतो. लाज वाटते, तरी सांगतो. कागदावर इंग्रजीत 'अनकुक्ड' लिहिलं होतं. मला कळलं ते असं की शिजवायचं नाही. गॅसवर ठेवलं नाही म्हणजे शिजवलं नाही, असं माझं गणित. डिसेंबर होता, पोरीला खोकला. आमच्याकडची डिसेंबरातली पहाट तुम्हाला माहीत आहेच. गार पाणी कसं द्यायचं म्हणून रात्री दोनच्या डोसात थर्मासमधलं पाणी ओतलं. जरा दाट झालं, म्हटलं बरंच आहे, पोटात टिकेल. लहानपणी पतंगाला खळ करणारा माणूस मी, त्या वेळी डोक्यात आलं नाही. गरम पाण्यानं त्याची खळच होते. कच्चा दाणा पोटात हळूहळू फुटतो, चार तास साखर पुरवतो. खळ झाली की सगळी साखर एकदम चढते आणि तशीच उतरते. पाचला बघतो तर पोरगी गार पडलेली, दातखीळ बसलेली.

जवळच्या दवाखान्यात नेली. नाव लिहीत नाही, लिहून काय होणार. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी झटक्याचं इंजेक्शन दिलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. बायको ओरडून ओरडून सांगत होती, साखर बघा, साखर बघा. "बाई, आम्हाला शिकवू नका," असं उत्तर. पाऊण तासानं नर्सताईंनी स्वतःहून टोचलं, २८ आली. चार दिवस आयसीयूत होती. आता सातवीत आहे, मराठी-कन्नड दोन्ही खडाखडा वाचते, गणितात मात्र अडते. त्या पहाटेमुळं का, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. मी विचारायचं सोडलं.

घरी चमच्यानं मोजू नका. कारखान्यात मायक्रॉन मोजणारा मी, घरात वर्षभर "सपाट दोन चमचे" करत होतो. डिजिटल काटा घ्या. गिरणीतलं मक्याचं पीठ वेगळं, ते चालत नाही. दुकानदार बिनधास्त तेच देतो. कस्टर्ड पावडरही नको. ऊस, गूळ, साखर, फळं, दूध यांवर आमच्याकडं बंधन आहे, म्हणजे बेळगावात राहून कुंदा नाही. पाहुण्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड. नाकातून रक्त लवकर थांबत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, या आजारात होतं तसं.

पाहुण्यांवरून आठवलं. माझी बायको माझ्या मामाचीच मुलगी. सगळ्यांनी तिलाच बोल लावला. खरं तर दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं आणि प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते. तुमच्याकडंही नात्यातलं लग्न असेल तर डॉक्टरांना आधीच सांगून टाका, लपवू नका.

सरकारी योजनेतून मदत मिळेल म्हणून त्या टेबलावर मी तीन फेऱ्या मारल्या. "यादीत हा आजार नाही," म्हणे. तिसऱ्या फेरीला त्यांनीच मला विचारलं, तुम्ही महाराष्ट्राचे का कर्नाटकाचे? पोरीच्या लिव्हरला सीमाप्रश्न आहे काय हो! २०२१ च्या केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणात लिव्हर बदलायची वेळ आली तर या आजाराला मदत आहे, ५० लाखांपर्यंत, पण ठरवलेल्या केंद्रांतूनच. आपल्याला बेंगळुरूचं इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था आणि मानवी जनुकशास्त्र केंद्र मिळून चालवतात ते, नाहीतर मुंबईचं केईएम. दोन्ही पाचशे किलोमीटरच्या आसपास. रोजचं कॉर्नफ्लोअर मात्र वाण्याकडून, स्वतःच्या खिशातून. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं जाणार असाल तर गजर लावून, गार पाण्याची बाटली उशाशी ठेवा.

एक कागद आजच करा, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत: "झटका आल्यास किंवा बेशुद्ध पडल्यास आधी रक्तातली साखर तपासा." निदान व्हायच्या आधीही उपयोगी आहे. एक प्रत अंगणवाडीत, एक तुमच्या पर्समध्ये. १०८ वाले आले तरी तोच पुढं करायचा. मराठीत लिहून इकडं अर्ध्या लोकांना वाचता येत नाही, उगाच वाद नको.

ग्लुकोमीटर आज घ्या आणि उद्या पहाटे मुलगा गळालेला दिसला की बोटाला टोचा. ७० च्या खाली आली तर शुद्धीत असताना ग्लुकोज पावडर पाजून थेट दवाखाना. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, उचला आणि पळा. आकडा काय आला ते इथं टाका. वेळेचा विचार करू नका, रात्री दोनला मी काटा घेऊन जागाच असतो.