करिअर मार्गदर्शन: सिम्युलेटरवरचा सराव आणि शर्यतीतले मन

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी अकरावीत आहे, तीन वर्षे कोल्हापुरात कार्टिंग (छोट्या रेसिंग गाड्यांच्या शर्यती) करते आणि घरी रोज तीन तास सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर गाडी चालवण्याच्या यंत्रणेवर, बसते. तिथे तिच्या लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) उत्तम लागतात, पण प्रत्यक्ष शर्यतीत कोणी तिला मागे टाकले की पुढच्या दोन-तीन वळणांत ती चुका करते, असे आपण कळवले आहे. हा सराव म्हणायचा की खेळ, आणि महागडी यंत्रणा घ्यावी का, असे आपण विचारले आहे.

सिम्युलेटरने वेग वाढतो याविषयी आता फारसा वाद नाही. यान मार्डनबरो २०११ मध्ये गेमिंगमधून चालक निवडणारी जीटी अकॅडमी स्पर्धा जिंकला आणि दोनच वर्षांनी ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाला एलएमपी२ या खास रेसिंग गाड्यांच्या गटात तिसरे स्थान मिळाले. आपल्या मुलीची अडचण मात्र वेगाची नाही.

वळण चुकले की ती घरी काय करते, हे एकदा शेजारी बसून पाहा. बहुतेक मुले बटण दाबून लॅप पुन्हा सुरू करतात. तीही तसेच करत असेल, तर चूक झाल्यानंतर गाडी आणि मन दोन्ही सावरण्याची वेळ तिच्यावर घरी कधी येतच नाही, आणि शर्यतीत नेमके तेच करावे लागते.

म्हणून आठवड्यातून किमान तीन दिवस तिने खऱ्या प्रतिस्पर्ध्यांबरोबर पूर्ण लांबीची ऑनलाइन शर्यत करावी, अधूनमधून मुद्दाम शेवटच्या क्रमांकावरून सुरुवात करावी आणि काहीही झाले तरी शर्यत अर्धवट सोडू नये. आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतींच्या सिम्युलेटरमध्ये ट्रॅकबाहेर गेल्यास १, ताबा सुटल्यास २ आणि दुसऱ्या गाडीला जोरात धडकल्यास ४ दोषगुण लागतात, त्यामुळे उतावळेपणाचा हिशेब आपोआप राहतो. शर्यत संपल्यावर, मागे पडल्यानंतरच्या तीन वळणांचा ब्रेकचा आलेख (ब्रेक कधी आणि किती दाबला याची संगणकावरची नोंद) तिने तिच्याच शांत लॅपच्या आलेखाशेजारी ठेवून पाहावा. ‘मला राग आलाच नव्हता’ असे ती आपल्याला सांगू शकेल. उशिरा आणि धसमुसळेपणाने दाबलेला ब्रेक तसे सांगणार नाही.

तासांवर मर्यादा हवी, विशेषतः रात्री. २०२४ च्या हंगेरियन ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीआधी विश्वविजेता चालक मॅक्स वेरस्टॅपेन पहाटे तीनच्या सुमारापर्यंत ऑनलाइन शर्यतीत होता. त्या दिवशीच्या शर्यतीत संघाशी बोलण्याच्या रेडिओवर तो सतत चिडलेला ऐकू आला, प्रतिस्पर्धी लुईस हॅमिल्टनच्या गाडीला धडकला आणि पाचवा आला. जागरणाचा याच्याशी संबंध असल्याचे त्याने नाकारले. त्याचे त्याला ठाऊक. परंतु सतरा वर्षांच्या मुलीने शर्यतीच्या आदल्या रात्री दहाला झोपावे, असे मी म्हणेन.

खर्चाचे म्हणाल, तर गाडीसारखे हलणाऱ्या सिम्युलेटरच्या आसनावर पैसे घालू नका. पायाचा दाब मोजणारे लोड सेल ब्रेक पेडल आधी घ्या, कारण पायाला लागलेली दाबाची सवयच दडपणाखाली टिकते. उरलेले पैसे कार्टिंगच्या दिवसांसाठी ठेवा. वळणावर शरीर बाहेर फेकणारा जोर, हेल्मेटमधला घाम आणि धडकेची भीती यांतले काहीच घरी मिळत नाही, आणि भीतीची ओळख ट्रॅकवरच व्हावी लागते.

राष्ट्रीय स्पर्धांसाठी एफएमएससीआय या भारतातील मोटारस्पोर्टच्या संघटनेचा परवाना लागतो, तो वेळेत काढा. बारावीला गणित-भौतिकशास्त्र सोडू देऊ नका. आलेख वाचण्याची सवय तिला लागलीच, तर रेसिंग संघातील डेटा अभियंत्याचे कामही तिच्यासाठी खुले राहील.