ऑफ सीझनला सगळं ओव्हरहॉलिंग करूनही हंगामाच्या सुरुवातीलाच इतके ब्रेकडाऊन का होतात?

तुम्ही लिहिलंय की साखर कारखान्यात मेंटेनन्सला नवीन लागलोय, उन्हाळ्यात सगळं खोलून ओव्हरहॉलिंग केलं तरी गळीत सुरू झालं की पहिल्या पंधरवड्यातच मिल सारखी थांबते, असं का. मी लातूर-धाराशिव पट्ट्यात 22 हंगाम मेंटेनन्सलाच काढलेत, त्यामुळे सरळ सांगतो, त्यातले बरेच ब्रेकडाऊन त्या ओव्हरहॉलिंगमुळेच होतात.

माझाच अनुभव सांगतो. एका वर्षी एक इंजेक्शन पंप (कंडेन्सरला पाणी देणारा) दोन हंगाम न कुरकुरता चाललेला होता, आवाज नाही, गरम नाही, काही नाही. पण यादीत होता म्हणून मी तो खोलायला लावला. आमचा जुना फिटर म्हणाला, "साहेब, चांगला चालायलाय, काहून खोलायलाव?" मी ऐकलं नाही. बेअरिंग नवीन घातलं, पण घालताना कुणीतरी बाहेरच्या रिंगवर पाईपचा तुकडा ठेवून हातोडीनं ठोकलं. शाफ्टवर बेअरिंग चढवताना जोर आतल्या रिंगवरच द्यायचा असतो, बाहेरच्या रिंगवर ठोकलं की तो मार गोळ्यांमधून आत जातो आणि रेसवर, म्हणजे गोळे फिरतात त्या वाटेवर, बारीक खळगे पडतात, डोळ्याला काही दिसत नाही पण बेअरिंगचं आयुष्य तिथंच संपलेलं असतं. गळिताच्या चौथ्या दिवशी पंप जाम झाला, पाच तास गव्हाण (ऊस टाकायची जागा) बंद, यार्डात टायरगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग, बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांची लेकरंबाळं उसाच्या मोळ्यांवरच झोपलेली. नंतर मी भंगारात जाऊन ते काढलेलं जुनं बेअरिंग धुवून पाहिलं तर एकदम ठणठणीत निघालं. तेव्हापासून हा विषय मी डोक्यातून काढलेला नाही.

हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये लिबरेटर विमानांची दर 50 तास उड्डाणानंतर तपासणी व्हायची. वॅडिंग्टन नावाचा शास्त्रज्ञ, मूळचा जीवशास्त्राचा माणूस, त्यानं बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या तर तपासणी झाल्या झाल्या बिघाड सगळ्यात जास्त आणि मग जसजसे तास उलटतील तसे कमी. पुढं 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला, त्यात विमानाच्या भागांपैकी फक्त 11 टक्के भाग वय झाल्यावर खराब होत जाणारे निघाले आणि 68 टक्के असे की सुरुवातीला बिघाडाचा धोका जास्त, नंतर तो खाली येऊन तसाच राहतो. म्हणजे चाललेलं मशीन खोलून तुम्ही त्याला परत त्या सुरुवातीच्या धोक्यात नेऊन बसवता.

आता हा विमानाचा हिशोब मिल हाऊसला जसाच्या तसा लावू नका. आपल्या उसासोबत माती येते, वाळू येते, रस आंबट असतो. रोलरचे दात, ट्रॅश प्लेट, स्क्रेपर, फायब्रायझरचे हॅमर, केन कॅरिअरची चेन, हे झिजतं म्हणजे झिजतंच, ते दर ऑफ सीझनला काढून मोजून घ्यायलाच पाहिजे. बॉयलरची तर कायद्यानं ठरलेली तपासणी करून घ्यावीच लागते, तिथं तडजोड नाही. मी बोलतोय ते पंप, गिअरबॉक्स, मोटर, ब्लोअर, ड्राइव्हचे पॅनल यांच्याबद्दल. हे नुसतं एप्रिल महिना उजाडला म्हणून खोलायचं कारण नाही.

मग काय खोलायचं ते कसं ठरवायचं? हे हंगाम बंद व्हायच्या आत ठरवा, आणि माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे. बहुतेक ठिकाणी मिल बंद झाल्यावर एप्रिलमध्ये यादी करायला बसतात, पण बंद मशीन काहीच सांगत नाही. फेब्रुवारीत सगळं पूर्ण लोडवर चालू असताना एकेका मशीनचं व्हायब्रेशन, बेअरिंगचं तापमान, मोटरचे अँपिअर लिहून काढा, व्हायब्रेशन पेन (हादरे मोजायचं छोटं यंत्र) नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐका, गिअरबॉक्सचं थोडं तेल पांढऱ्या कापडावर काढून धातूची चमकी दिसते का बघा, आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पहा. आकडा वाढलेला असेल तेच खोला.

दुसरं एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे मशीन सहा-सात महिने नुसतं उभं असतं. पावसाळ्यात मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल धरते, बेअरिंगचे गोळे एकाच जागी दाबून बसतात आणि शेजारी वेल्डिंग, ठोकाठोक चालू असेल तर त्या हादऱ्यानं तिथंच रेसवर खुणा पडतात. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक शाफ्ट हातानं फिरवा आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबवा, मोटरमधला ओल घालवणारा स्पेस हीटर चालू ठेवा, सुरू करायच्या आधी मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावा.

अलाइनमेंटचंही, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत जुळवण्याचंही, तसंच आहे. बॉयलर फीड पंप थंड असताना डायल गेज लावून कितीही बारीक जुळवला तरी गरम झाल्यावर तो उंच होतो, स्टीलचा एक मीटरचा तुकडा 50 अंशानं तापला की साधारण 0.6 मिमी वाढतो, तुम्ही जुळवलं 0.05 मिमीवर आणि चालू झाल्यावर गेलं कुठल्या कुठं. त्यामुळे थंड असताना किती खाली ठेवायचं ते पंपवाल्याच्या मॅन्युअलमधून बघून घ्या.

आणि मोळी पूजनाच्या तारखेची घाई वरून कितीही होवो, जे जे खोललंय त्याची आधी ट्रायल घ्या. पाच मिनिटं फिरवून "ओके" लिहिणं म्हणजे ट्रायल नाही, बेअरिंगचं तापमान एका जागी स्थिर होईपर्यंत चालवायचं, दर अर्ध्या तासाला लिहायचं, बंद करून फाउंडेशनचे बोल्ट परत आवळायचे. ट्रायलला रात्रपाळीच्या फिटरलाही बोलवा, मशीनचा चांगला असतानाचा आवाज त्यानं ऐकलेला असला पाहिजे.