ई^(२एक्स) साइन(३एक्स) चं इंटिग्रेशन दोनदा बाय पार्ट्स करूनही ० = ० का येतं?

तुमचा फॉर्म्युला बरोबर आहे, फक्त दुसऱ्या वेळी तुम्ही फंक्शन्सची अदलाबदल केलीत. पहिल्यांदा साइनला 'यू' (म्हणजे ज्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं ते फंक्शन) धरलंत आणि दुसऱ्यांदा ई^(२एक्स) ला, म्हणजे आधी जे केलं तेच उलटं फिरवलं, मग आय = आय (आय म्हणजे हेच मूळ इंटिग्रेशन), म्हणजेच ० = ० येणारच. बारावीला मीपण नेमका इथेच अडकलो होतो आणि वाटायचं की साइनचीच चूक आहे, वही भरून खाडाखोड केली होती.

एकदा 'यू' ठरवला की दोन्ही वेळा तोच प्रकार ठेवायचा. साइन, मग कॉस.

आय = ∫ ई^(२एक्स) साइन(३एक्स) डीएक्स

पहिल्यांदा: आय = (१/२) ई^(२एक्स) साइन(३एक्स) − (३/२) ∫ ई^(२एक्स) कॉस(३एक्स) डीएक्स

आता कॉसला यू धरा, कॉसच्या डेरिव्हेटिव्हला मायनस येतो तो सांभाळा, सगळ्यात जास्त मार्क तिथेच जातात. मिळतं:

आय = (१/२) ई^(२एक्स) साइन(३एक्स) − (३/४) ई^(२एक्स) कॉस(३एक्स) − (९/४) आय

उजवीकडे परत आय आला की बरेच जण घाबरून तिसऱ्यांदा बाय पार्ट्स करायला जातात, ते करू नका, तो डावीकडे घ्या, (१३/४) आय होतो आणि

आय = ई^(२एक्स) [२ साइन(३एक्स) − ३ कॉस(३एक्स)] / १३ + सी

साइनला दोनदा डिफरन्शिएट केलं की मायनस साइन मिळतो, म्हणून उजवीकडचा आय मायनसने येतो आणि कॅन्सल न होता डावीकडे बेरजेत जातो, सगळा खेळ त्या मायनसचाच आहे. लायेटचा नियम (कोणत्या फंक्शनला आधी यू धरायचं याचा क्रम) इथे सक्तीचा नाही, दोन्ही वेळा ई ला यू धरलंत तरी हेच उत्तर येतं, करून बघा.

उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढून तपासायची सवय लावा, कॉसवाल्या −६ आणि +६ उडून जातात, साइनचे ४ + ९ = १३ उरतात, म्हणजे छेदातला १३ हा २ आणि ३ च्या वर्गांची बेरीज आहे. इंजिनिअरिंगला लाप्लास ट्रान्सफॉर्ममध्ये (फंक्शनला ई^(−एसटी) ने गुणून ० ते अनंत इंटिग्रेट करतात) साइन(बीटी) चं उत्तर बी / (एस² + बी²) येतं ना, तो छेदही इथूनच आलाय.