अमेरिकेतून परत पाठवलेला भाऊ कॅनडाला जाऊ शकेल का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मागच्या वर्षी टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेला गेला होता. विमानतळावर अधिकाऱ्यांनी त्याच्या फोनमधले मेसेज पाहिले, हा इथे काम करायला आलाय असं ठरवलं आणि तिथूनच परत पाठवला. पाच वर्षं येता येणार नाही, असं सांगितलं. आता कॅनडातल्या एका कंपनीकडून त्याला नोकरीचं पत्र आलंय. एजंट म्हणतो, नवा पासपोर्ट काढा आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहा, त्यांना काय कळतंय! घरातल्या सगळ्यांना ते पटलंय. मला मात्र धास्ती वाटते. काय करावं?

उत्तर : ताई, तुमची धास्ती रास्त आहे. घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा, कारण तुमच्या भावाचं जे नुकसान व्हायचं होतं ते होऊन गेलंय. आता त्याहून मोठं नुकसान एजंटच्या सल्ल्यानं होईल.

अमेरिकेची बंदी अमेरिकेपुरती असते. कॅनडाचा कायदा वेगळा आहे आणि दुसऱ्या देशानं परत पाठवलं एवढ्याच कारणानं तिथे अर्ज आपोआप बाद होत नाही. अधिकारी जास्त खोलात जाऊन विचारतील, अर्ज कदाचित नामंजूरही करतील. पण नामंजुरी म्हणजे बंदी नव्हे, पुन्हा अर्ज करता येतो.

खोटं लिहिलं तर मात्र बंदी येते. कॅनडाच्या अर्जात सरळ विचारलेलं असतं : कॅनडानं किंवा इतर कुठल्याही देशानं तुम्हाला कधी व्हिसा नाकारलाय का, प्रवेश नाकारलाय का, देश सोडायला सांगितलंय का? ‘हो’ किंवा ‘नाही’, आणि खाली तपशिलासाठी चौकट. त्यानंतर बोटांचे ठसे द्यावे लागतात. कॅनडा आणि अमेरिका या माहितीची आपसात पडताळणी करतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशीही कॅनडाची अशी व्यवस्था आहे. नवा पासपोर्ट काढून नंबर बदलेल, ठसे तेच राहतील. खोटी माहिती सापडली तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं प्रवेशबंदी लागते, आणि त्या काळात कायम वास्तव्यासाठीही अर्ज करता येत नाही. फॉर्म एजंटनं भरला, मला माहीत नव्हतं, हे सांगून सहसा सुटका होत नाही. अर्ज ज्याच्या नावाचा, जबाबदारी त्याची.

आता मुख्य काम. परत पाठवताना भावाला जे कागद दिले, ते शोधा. घाबरलेल्या अवस्थेत दिलेले हे कागद माणसं बॅगेच्या तळाशी कोंबतात आणि पुन्हा बघत नाहीत. त्यात ‘आय-८६०’ हा फॉर्म असेल, तर त्याला विमानतळावरच्या झटपट प्रक्रियेनं काढलंय. ‘आय-२७५’ असेल, तर त्याला स्वतःहून प्रवेशाची विनंती मागे घेऊ दिली होती. अशा वेळी पाच वर्षांची बंदी लागत नाही, पण कॅनडाच्या त्या प्रश्नाचं उत्तर तरीही ‘हो’च लिहावं.

‘आय-८६०’वर कोणतं कलम लिहिलंय ते नीट वाचा. २१२(ए)(७) म्हणजे योग्य कागदपत्रं नव्हती. टुरिस्ट व्हिसावर कामाचा हेतू दिसला की बहुतेकदा हेच लागतं आणि बंदी पाच वर्षांची असते. २१२(ए)(६)(सी) असेल तर मामला गंभीर आहे. तो फसवणुकीचा ठपका आहे आणि अमेरिकेपुरती ती बंदी खास माफी मिळाल्याशिवाय आयुष्यभर उठत नाही. कॅनडाचा अधिकारीही या दोन गोष्टींकडे एकाच नजरेनं बघणार नाही.

यासोबत त्याचा जबाबही घेतला गेला असेल. प्रश्नोत्तरांची पानं असतात आणि पानापानावर सही घेतात. तो जबाब फार महत्त्वाचा. भाऊ आता जे स्पष्टीकरण देईल ते त्या जबाबाशी जुळलं पाहिजे. तिथे ‘मित्राच्या दुकानात मदत करणार होतो’ म्हणाला असेल आणि इथे ‘फक्त फिरायला गेलो होतो’ लिहिलं, तर संपलंच. कागद हरवले असतील तर अमेरिकेच्या माहिती अधिकार कायद्याखाली तिथल्या सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागाकडून स्वतःच्या नोंदींच्या प्रती मागवता येतात. वेळ लागतो, पण मी म्हणेन की त्या हातात आल्याशिवाय अर्ज करू नका.

मग एक पानाचं पत्र : तारीख, विमानतळ, काय विचारलं, काय सांगितलं, कोणतं कलम लागलं. सोबत कागदांच्या प्रती. गयावया नको, अधिकाऱ्यांवर राग नको. पत्र भावानं स्वतः लिहावं. एजंटांची ठरीव साच्यातली पत्रं वाचून अधिकाऱ्यांना ती पाठ झालेली असतात.

नोकरीच्या पत्राचीही खात्री करा. परदेशी कामगार ठेवण्यासाठी मालकाला कॅनडा सरकारची एलएमआयए नावाची परवानगी घ्यावी लागते, अशी नोकरी असेल, तर त्या परवानगीची एक हजार कॅनेडियन डॉलरची फी मालकानंच भरायची असते; ती कामगाराकडून वसूल करणं बेकायदा आहे. एजंटनं त्या नावाखाली पैसे मागितले असतील तर तिथेच थांबा. शिवाय पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचं काम तिथले वकील किंवा परवानाधारक सल्लागारच करू शकतात. परवाना क्रमांक मागा आणि त्यांच्या नियामक संस्थेच्या यादीत तपासा.

व्हिसा मिळालाच, तर तिकीट काढताना अमेरिकेतून जाणारं विमान घेऊ नका. तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, आणि बंदी त्यालाही लागू आहे. थेट किंवा युरोपमार्गे जाणारं तिकीट घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.