जुने हवाई फोटो जपायचेत, पण यात पोट भरेल का?

इंदापूर तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय, टीवायबीएस्सी, विषय भूगोल. आजोबांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं ते बघायला सगळं घर जातं. यंदा कॉलेजात सरांनी १९६० च्या दशकातला वरून काढलेला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो दाखवला, त्यात धरणाच्या आधीची भीमा होती, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, असे फोटो जपायचं, लोकांपर्यंत पोचवायचं काम करायचं. वडील म्हणतात बीएड कर, जुने फोटो सांभाळून कोणाचं पोट भरलंय.

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. सुरुवात वडिलांच्या प्रश्नापासून करते, कारण तो प्रश्न रास्त आहे, घरात एकट्याची कमाई असली की माणूस असंच विचारणार.

तर पैसे कोण देतं? जर्मनीचं उदाहरण घे. दुसऱ्या महायुद्धात तिथे पडलेल्या बॉम्बपैकी बरेच फुटलेच नाहीत आणि अजूनही जमिनीत आहेत, म्हणून बिल्डिंग किंवा रेल्वेचं काम काढायच्या आधी त्या जागेचे युद्धातले हवाई फोटो तपासतात. बॉम्बहल्ल्यानंतर विमानं परत जाऊन फोटो काढायची, त्यात फुटलेल्या बॉम्बचा मोठा खड्डा दिसतो आणि न फुटलेल्याचं नुसतं बारीक भोक, आणि ते भोक ओळखणारा माणूस ८० वर्षांनंतरही लागतो. यातले पुष्कळ फोटो स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या नॅशनल कलेक्शन ऑफ एरियल फोटोग्राफीमध्ये आहेत. ब्रिटिश हवाई दलाचा हा साठा आधी कील विद्यापीठात होता, २००८ मध्ये एडिंबरोला आला. म्हणजे बाबांना सांग की जुना फोटो ही नुसती आठवण नाहीये, त्यावर आज बांधकामाचे निर्णय होतात. पूररेषा, नदीचं सरकलेलं पात्र, बुजवलेले ओढे, सगळ्यालाच असा जुना पुरावा लागतो.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते सांगते, कारण तुझ्या मनात बहुतेक एसी खोली आणि पांढरे हातमोजे आहेत. ते असतंच. जुनी फिल्म म्हणजे बऱ्याचदा सेल्युलोज अॅसिटेट नावाचं प्लास्टिक, ती खराब व्हायला लागली की व्हिनेगरसारखा वास सुटतो, फिल्म आक्रसते, वरचा थर सुरकुततो, आणि त्या आम्लाने शेजारच्या डब्यातली फिल्मपण बिघडायला लागते. डब्यात टाकायच्या खास पट्ट्या मिळतात, आम्ल वाढलं की निळीची हिरवी आणि मग पिवळी होते, त्यावरून ठरवायचं आधी कोणता डबा स्कॅनला घ्यायचा. थंड आणि कोरडी जागा हाच खरा उपाय. मी एका ऑफिसमध्ये नऊ इंची प्रिंट रबरबँड लावून रचलेले पाहिलेत, रबर वितळून प्रिंटला चिकटलेलं, सोडवायला गेलं की चित्रच निघून यायचं, तो गठ्ठा माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही.

पण खरं काम वेगळंच आहे आणि ते कोणी तुला नीट सांगणार नाही म्हणून मी सांगते. फोटो कुठला आणि कधीचा हे माहीत नसेल तर तो असून नसल्यासारखा. हवाई फोटो एकटा नसतो, विमानाच्या एका फेरीत शेकडो निघतात, पुढचा फोटो मागच्यावर साधारण ६० टक्के चढलेला असतो, म्हणून दोन शेजारचे फोटो स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन भिंगांच्या चष्म्यासारख्या यंत्राखाली, ठेवले की जमीन उठून दिसते. आता त्या फेरीचा नंबर, तारीख, फ्रेम नंबर आणि कोणत्या पट्ट्यावरून विमान गेलं तो नकाशा, यातलं काही हरवलं तर लाखो फोटोंच्या गोदामात तुझं गाव शोधणार कसं? एडिंबरोत आता स्कॅनरवर फोटो ठेवायला रोबॉटिक हात आहेत, ते काम मशीन करेल. जागा ओळखायला सॉफ्टवेअर मदत करतं पण शेवटी नदीचं वळण, देवळाची सावली, पिकांचे बांध बघून हो म्हणणारं माणूस लागतंच.

एरोफिल्म्स नावाची ब्रिटिश कंपनी १९१९ पासून विमानातून गावांचे, कारखान्यांचे फोटो काढून विकायची. तिचा संग्रह २००७ मध्ये तिकडच्या सरकारी वारसा संस्थांनी घेतला आणि १९१९ ते १९५३ मधले सुमारे ९५ हजार फोटो ऑनलाइन टाकले. त्यातले काही कुठले ते संस्थेलाच कळत नव्हतं, ते सामान्य लोकांनी ओळखून दिले, अरे ही तर आमच्या आजोबांची गिरणी असं. मला या सगळ्यात हेच सगळ्यात आवडतं, नुसतं कुलपात जपून ठेवलं असतं तर ती माहिती कधी आलीच नसती.

आपल्याकडे मोडी वाचणाऱ्यांशिवाय पुण्याचं पेशवे दफ्तर मुकं आहे ना, तसंच हे. फोटो वाचायला शिकावं लागतं. कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ नावाची बाई युद्धाआधी विमानांवर लेख लिहायची, मग फोटो वाचायला बसली आणि १९४३ च्या शेवटी पेनेमुंडे या जर्मनांच्या अस्त्रचाचणी केंद्राच्या फोटोतल्या एका बारीकशा ठिपक्यावरून जर्मनांचा व्ही-१ हा उडता बॉम्ब तिने पकडला.

भारतात सरळ या नावाची नोकरी जवळजवळ नाहीच, हे तुला आत्ताच सांगते. सर्व्हे ऑफ इंडियाचे हवाई फोटो वर्षानुवर्षं संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय बाहेर येत नव्हते, त्यामुळे ते लोकांना दाखवायची सवयच आपल्याकडे लागली नाही. म्हणून तू आधी जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागेची माहिती हाताळणं, पक्कं कर, त्यावर नोकरी मिळते, आणि अर्काइव्हचं, म्हणजे जुने दस्तऐवज जपण्याचं, शिक्षण त्याच्या जोडीला. डेहराडूनची आयआयआरएस (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग) १९६६ मध्ये फोटो वाचायला शिकवण्यासाठीच सुरू झाली होती, तिचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, ते लगेच धर. एमएस्सी भूगोल किंवा जिओइन्फॉर्मेटिक्स कर, आणि नंतर दिल्लीला नॅशनल आर्काइव्ह्जच्या स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीजचा एक वर्षाचा डिप्लोमा बघ, त्याच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत वाच. बीएड करायचंच म्हटलं तर एमएस्सीनंतरही करता येतं, बाबांशी भांडू नकोस.

आणि आजपासून एक काम. सरांनी दाखवलेला फोटो बहुतेक अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहाचा असणार (आजाराशी संबंध नाही). १९६० ते १९७२ मधले ते आठ लाखांवर फोटो १९९५ मध्ये खुले झाले, आणि उजनी १९८० ला पूर्ण झालं, हिशोब लाव. यूएसजीएस या अमेरिकी सरकारी भूशास्त्र संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर या वेबसाइटवर तुझ्या भागाची बिनढगाची फ्रेम शोध, आधीच स्कॅन झालेली असेल तर फुकट डाउनलोड होते. १९६७ नंतरचे जास्त स्पष्ट आहेत, साधारण दोन मीटरपर्यंत, म्हणजे वेगवेगळी घरं दिसतील असं नाही पण गावठाण, रस्ते, मोठी विहीर कळेल. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ती फ्रेम आजच्या नकाशावर बसव. पाण्याखालचे पॉइंट जुळणार नाहीत, काठावरच्या टेकड्या, जुने रस्ते धर.

मग मोठी प्रिंट काढ आणि आजीसमोर पसर. कुठली विहीर कोणाची, यात्रेची वाट कुठून, मळ्याचं नाव काय, ती सांगेल ते नंबर टाकून वहीत लिही, तारीख घाल, सांगणाऱ्याचं नाव घाल, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड कर. अॅडमिशन एक वर्ष पुढे गेली तरी चालेल, हे मात्र याच दिवाळीत कर.