३५ कॉम्प्युटरवर दुरून सॉफ्टवेअर टाकायला अँसिबल शिकू, की माणूसच पाठवू?

तुमचा प्रश्न असा आहे: सहा कार्यालयांत मिळून ३५ विंडोज कॉम्प्युटर, सगळ्यांवर एका जागेवरून सॉफ्टवेअर टाकायचंय, त्यासाठी अँसिबल (अनेक मशीनवर एका जागेवरून काम करवणारं साधन) शिकावं की पॉवरशेलच्या स्क्रिप्टवर (हातानं लिहिलेल्या विंडोजच्या हुकमांच्या यादीवर) भागेल? आणि शेवटी तुम्ही साहेबांचं म्हणणं लिहिलंय, ‘माणूस पाठवा, दुरून चूक झाली की सगळीकडं एकदम होते.’ मी लिहायला बसलो ते या शेवटच्या वाक्यामुळं. हेच वाक्य मी जवळपास दीड वर्ष ऐकलंय.

आधी उत्तर. अँसिबल शिका. स्क्रिप्टवर पहिल्या दिवशी भागतं, तिसऱ्या महिन्यात भागत नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत कॉम्प्युटरचं बघतो. २२ शाखा, ११८ मशीन. २०१६च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, मी पेन ड्राइव्ह घेऊन एसटीनं शाखा फिरत होतो. औसा, निलंगा, देवणी, उदगीर, अहमदपूर, चाकूर. दिवसाला दोन शाखा, फार तर तीन. शिरूर अनंतपाळला पोचावं तर लाइट गेलेली. लाइट येईपर्यंत बसायचं, मग काम, मग शेवटची गाडी निघून गेलेली. एक अपडेट सगळीकडं पोचायला दहा-बारा दिवस लागायचे आणि तोवर पुढचं आलेलं असायचं. एकदा यादी काढली तर एकाच प्रोग्रामच्या पाच आवृत्त्या निघाल्या. माणूस पाठवला की चूक होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती यादी बघायला हवी होती. माणूस २२ ठिकाणी २२ वेगवेगळ्या चुका करतो आणि त्यांची कुठंच नोंद राहत नाही. त्या चुका मीच केल्यात, म्हणून सांगतोय.

२०१८मध्ये अँसिबल शिकलो. मायकेल डीहान यांनी ते २०१२मध्ये काढलं, २०१५मध्ये रेड हॅट या कंपनीनं घेतलं. मला ते आवडलं कारण समोरच्या मशीनवर वेगळा एजंट, म्हणजे त्याचा स्वतःचा मदतनीस प्रोग्राम, बसवावा लागत नाही. लिनक्स असेल तर एसएसएचवरून, विंडोज असेल तर विनआरएमवरून काम होतं; हे दोन्ही दुरून मशीनवर शिरायचे मार्ग. फक्त जिथून चालवायचं ते मशीन लिनक्स किंवा मॅक लागतं (डब्ल्यूएसएलवरही, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सवरही, चालतं). भंगारात निघालेल्या एका मशीनवर मी उबंटू हे लिनक्स टाकलं. आमच्याकडं डोमेन, म्हणजे सगळी मशीन एका सर्व्हरच्या ताब्यात असायची सोय, नव्हतं, त्यामुळं विनआरएम चालू करायला प्रत्येक मशीनपाशी एकदा जावंच लागलं. तुमच्याकडंही डोमेन नसेल तर ती एक फेरी धरून चाला. आणि नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ते आधी ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर विनआरएम चालूच होत नाही. माझी अर्धी फेरी या एका गोष्टीत गेली.

आता तो दिवस. २०१८ची दिवाळी, आधीचा आठवडा. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे खात्यात जमा झालेले, शाखा-शाखांत माणूस मावत नव्हता. काउंटरवरचा बँकेचा प्रोग्राम पुरवणाऱ्यांनी नवी आवृत्ती पाठवली, सोबत व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइलींचा संच). मुख्य कार्यालयातल्या तीन मशीनवर टाकून बघितलं. बिनबोभाट झालं. मी आमच्या साहेबांना म्हटलं, आज निलंग्याला एकट्या शाखेत टाकतो, बाकीच्यांचं उद्या संध्याकाळी. साहेब म्हणाले, ‘संध्याकाळी मशीन बंद करून लोक घरी जातात, तुला कोण चालू ठेवून देणार? तूच म्हणतोस ना, काउंटरवर कळतसुद्धा नाही. मग आत्ताच कर.’ मी तसं म्हटलं होतं, हे खरंय. साडेबारा वाजता सगळ्यांना लावलं.

पाच मिनिटांत निलंग्याच्या कॅशियर ताईंचा फोन आला. ‘सर, मशीन आपोआपच बंद पडूलालीय, पुढं पन्नास माणसं उभी हायत.’ त्यांचा फोन ठेवतोय तोवर उदगीर, मग अहमदपूर, मग औसा. ४१ मशीन चालू कामात रीस्टार्ट झाली. उदगीरला एक ४९,००० रुपयांची नोंद दोनदा पडली आणि रोकड जुळेना. मी संध्याकाळच्या गाडीनं उदगीरला गेलो. रात्री नऊपर्यंत तिथले कॅशियर आणि मी व्हाउचर चाळत बसलो होतो. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. चहा मागवला. ते मला अजून टोचतं.

चूक काय होती, हे तुम्हाला नीट कळायला पाहिजे, कारण तुम्हीही ती करणार. चालू असलेल्या प्रोग्रामनं एखादी फाइल उघडून ठेवली असेल तर विंडोजला ती बदलता येत नाही. ते काम पुढच्या रीस्टार्टवर ढकललं जातं. मुख्य कार्यालयातल्या तीन मशीनवर तेव्हा कुणी काम करत नव्हतं, म्हणून तिथं रीस्टार्टची वेळच आली नाही. शाखांत प्रत्येक काउंटरवर प्रोग्राम उघडा होता. आणि मी इन्स्टॉलरला फक्त ‘क्वाएट’ हा पर्याय दिला होता, ‘नोरिस्टार्ट’ दिला नव्हता. गप्प बसायला सांगितलेला इन्स्टॉलर रीस्टार्ट करतानाही कुणाला विचारत नाही. इन्स्टॉलरच्या फाइली दोन प्रकारच्या, एमएसआय आणि ईएक्सई. अँसिबलचं विन_पॅकेज (विंडोजवर सॉफ्टवेअर टाकणारा भाग) एमएसआय फाइलला ‘नोरिस्टार्ट’ स्वतःहून लावतं. ईएक्सईला लावत नाही, तिथं आपणच लिहावं लागतं. ते लिहिलं असतं तर इन्स्टॉलरनं ३०१० हा कोड परत दिला असता. त्याचा अर्थ, काम झालंय, रीस्टार्ट सवडीनं करा.

एक शब्द माझ्या हातून सुटला. तो माझा दोष आणि मी तो त्याच संध्याकाळी लेखी दिला. पण एकट्या निलंग्यात आधी टाकलं असतं तर पाच मशीन बंद पडली असती, ४१ नाही. तेही लेखी दिलं. त्या दुसऱ्या ओळीवर कधीच कुणी बोललं नाही. दुरून काही टाकायचं नाही, असा तोंडी हुकूम निघाला आणि मी पुन्हा पेन ड्राइव्ह घेऊन बसस्टँडवर.

तुमच्या साहेबांना हे सांगा. चूक सगळीकडं एकदम होते, कारण सगळीकडं एकदम टाकायला कुणीतरी सांगितलेलं असतं. अँसिबलमध्ये ‘सिरियल’ आहे. आधी एक मशीन, मग पाच, मग उरलेली, असं प्लेबुकमध्येच (अँसिबलला द्यायच्या कामांच्या फाइलीत) लिहिता येतं आणि पहिल्या टप्प्यातली मशीन नापास झाली की गाडी तिथंच थांबते. ‘लिमिट’ देऊन एकाच शाखेपुरतं चालवता येतं. पेन ड्राइव्हवाल्या माणसाला चौथ्या शाखेत चूक कळली तर आधीच्या तीन शाखांत परत एसटीनं जावं लागतं.

मार्च २०२०मध्ये एसटी बंद झाली. शाखा चालू होत्या, बँक अत्यावश्यक सेवेत. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत जाहीर केली, सहकारी बँकांनाही ती लागू होती. त्यासाठी प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. साहेबांचा फोन आला, ‘तुझं ते चालू कर.’ मी म्हटलं, आधी निलंगा. ते म्हणाले, ‘तुला वाटेल तसं कर.’ निलंग्याच्या ताईंना फोन केला, प्रोग्राम उघडा ठेवून काम चालू ठेवायला सांगितलं आणि तसंच टाकलं. त्यांनी दोन नोंदी करून, पासबुक छापून सांगितलं, झालं म्हणून. मग बाकीच्या २१ शाखा. दोन दिवसांत ११८पैकी ११२ मशीन झाली. उरलेल्या सहापैकी चार बंदच होती, दोघांच्या डिस्क भरलेल्या.

स्क्रिप्ट का पुरत नाही, ते इथंच दिसतं. आमच्याकडं पहिल्या खेपेला सगळी मशीन कधीच सापडत नाहीत. कुठं लाइट गेलेली, कुठं रस्त्याच्या कामात केबल तुटलेली. अँसिबल अशा मशीनपुढं ‘अनरीचेबल’ लिहितं. संध्याकाळी तेच प्लेबुक पुन्हा लावायचं, ज्यांचं झालंय त्यांना ते हात लावत नाही, राहिलेल्यांचं करतं. हाताच्या स्क्रिप्टमध्ये ही तपासणी तुम्हालाच लिहावी लागते, आणि लोक लिहीत नाहीत. पण ईएक्सईच्या बाबतीत प्रॉडक्ट आयडी (विंडोजमधली त्या प्रोग्रामची ओळख) किंवा फाइलचा पत्ता दिला तरच अँसिबलला कळतं की हे आधीच टाकलेलं आहे. तो द्यायला विसरू नका.

लाइनचा हिशोब आधी करा. १८० एमबीची फाइल २ एमबीपीएसच्या लाइनवरून एका मशीनला बारा मिनिटं घेते, सहा मशीनला सव्वा तास, आणि तेवढा वेळ शाखेचं काम अडकतं. मी रात्री रोबोकॉपीनं (फाइली उतरवायच्या विंडोजमधल्या हुकमानं) शाखेतल्या एकाच मशीनवर फाइल उतरवून ठेवतो. लाइन तुटली तर ‘झेड’ पर्यायामुळं जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. बाकीची मशीन तिथून घेतात. इथं एक अडचण येते, विनआरएमनं एका मशीनवर शिरलं की तिथून दुसऱ्या मशीनच्या शेअरवर आपली ओळख पोचत नाही. त्यासाठी प्लेबुकमध्ये ‘बिकम’ वापरा, म्हणजे काम त्या मशीनवर आपण दिलेल्या खात्याच्या नावानं चालतं.

राहिलेलं थोडक्यात. तुमच्याकडं डोमेन असेल आणि सगळ्या फाइली एमएसआय असतील तर ग्रुप पॉलिसीवरही (डोमेनमधून सगळ्या मशीनना हुकूम द्यायच्या विंडोजच्या सोयीवरही) काम होतं, माझं सगळं आग्रहाचं बोलणं बाजूला ठेवा. लॅपटॉप घेऊन फिरणारी माणसं जास्त असतील तर अँसिबल त्यांना गाठू शकणार नाही. पासवर्ड उघडा लिहू नका, अँसिबल व्हॉल्टमध्ये, म्हणजे कुलूपबंद फाइलीत, ठेवा. ३५ मशीनला एकच अ‍ॅडमिन पासवर्ड असेल तर आधी तो बदला, नाहीतर एक मशीन फुटलं की सगळी फुटली. फोर्क्स, म्हणजे एका वेळी किती मशीनवर काम चालवायचं तो आकडा, मुळात पाच असतात, सुरुवातीला वाढवू नका.

आणि चाचणीसाठी रिकामं मशीन घेऊ नका. ज्याच्यावर माणूस बसून काम करतोय ते घ्या, त्याला आधी फोन करा आणि टाकून होईपर्यंत फोन चालू ठेवा.